लवकर वरचा गिअर : जड वाहनांतल्या डिझेलबचतीचा इतिहास

ट्रक किंवा बस चालवताना इंजिनाची रेस शेवटपर्यंत न चढवता, पुढच्या गिअरमध्ये गाडी ओढेल इतपतच वेग घ्यावा आणि लगेच वरचा गिअर टाकावा, ही रीत आज चालकांच्या प्रत्येक प्रशिक्षणवर्गात सांगितली जाते. ती इतकी साधी वाटते की पहिल्या ट्रकपासूनच चालत आली असावी, असा समज होतो. प्रत्यक्षात डिझेल ट्रक रस्त्यावर येऊन जवळजवळ अर्धशतक लोटल्यावरच तिला नियमाचे रूप आले. कमी फेऱ्यांत जोर देणारे इंजिन आणि थेंबाथेंबाचा हिशेब ठेवावा इतके महाग तेल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हाताशी येईपर्यंत ती रुजली नाही.

या बचतीचे कारण इंजिनाच्या आत आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर धावणाऱ्या बसला हवेचा आणि चाकांचा विरोध तोडण्यासाठी जी शक्ती लागते, ती चालकाने कोणताही गिअर टाकला तरी तेवढीच राहते. बदलतात ते इंजिनाचे फेरे. पाच गिअरच्या जुन्या बसमध्ये हा वेग टॉप गिअरमध्ये मिनिटाला सुमारे १,६५० फेऱ्यांवर मिळतो, तर चौथ्यात त्यासाठी २,५०० च्या आसपास फेरे लागतात. या जादा फेऱ्यांतून चाकांना काहीच मिळत नाही. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला अधिक वेळा घासतात, बेअरिंग अधिक तापतात, पाण्याचा पंप आणि हवेचा कॉम्प्रेसर उगाच जोरात फिरतात. पंख्याचा खर्च तर फारच वाढतो. इंजिनाला पट्ट्याने कायमचा जोडलेला पंखा फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात शक्ती खातो, म्हणजे १,६५० ऐवजी २,५०० फेऱ्यांवर तो जवळजवळ साडेतीनपट शक्ती घेतो. हे सारे डिझेल प्रवाशांना किंवा मालाला एक मीटरही पुढे नेत नाही.

इंजिनाची चाचणी घेणारे अभियंते एका अक्षावर फेरे आणि दुसऱ्यावर भार मांडून आलेख काढतात, आणि प्रत्येक बिंदूवर एक एकक काम करायला किती ग्रॅम इंधन जळते ते नोंदवतात. डिझेल इंजिनाच्या अशा आलेखात सर्वांत काटकसरीचा भाग मध्यम किंवा त्याहून कमी फेऱ्यांवर, पण बऱ्यापैकी भारी कामात सापडतो. याचा अर्थ चालकाच्या सहज समजुतीच्या उलट आहे. अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून खालच्या गिअरमध्ये गाडी पळवली की डिझेल वाचते असे वाटते. पण वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, पाय थोडा जास्त दाबून गाडी चालवली तर खर्च कमी येतो. पायाखाली जाणवणारी गोष्ट आणि टाकीतून जाणारी गोष्ट यांचा मेळ बसत नाही. ही रीत पसरायला इतका काळ लागण्याचे हे एक मोठे कारण आहे.

रूडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वीपणे चालले, पण ट्रकमध्ये मावेल इतके आटोपशीर व्हायला त्याला आणखी पाव शतक लागले. जर्मनीत बेन्झ आणि मान यांचे डिझेल ट्रक १९२३-२४ च्या सुमारास आले. १९२७ मध्ये बॉशने इंधनाचा पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि डिझेल ट्रक खऱ्या अर्थाने व्यवहारात आला. या पंपाला जोडलेला गव्हर्नर फेरे एका मर्यादेपुढे जाऊ देत नसे. मर्यादा जितकी खाली, तितका चालक वरच्या गिअरकडे लवकर वळणार हे उघड होते.

ब्रिटनमधल्या गार्डनर इंजिनांनी याचा सर्वांत चांगला दाखला दिला. मँचेस्टरजवळ बनणारी एलडब्ल्यू मालिका १९३१ मध्ये आली. तिच्यातले सहा सिलिंडरचे इंजिन सुमारे १०० अश्वशक्ती देई, तेही १,७०० फेऱ्यांवर. त्यापुढे रेस चढवायची सोयच नव्हती. गार्डनरच्या बस आणि लॉऱ्या तेल कमी खाणाऱ्या म्हणून नावाजल्या गेल्या आणि ब्रिटनच्या बस कंपन्यांनी ही इंजिने अनेक दशके सोडली नाहीत. तिथे लवकर गिअर बदलायला कोणी वेगळे शिकवले नाही, इंजिनानेच ती सवय लावली.

अमेरिकेत नेमके उलट घडले. तिथे तेल स्वस्त होते, रस्ते लांब-रुंद होते आणि वेगाला किंमत होती. १९३८ मध्ये आलेल्या डेट्रॉइट डिझेलच्या ७१ मालिकेची दोन-स्ट्रोक इंजिने ट्रक आणि बस दोहोंत फार लोकप्रिय झाली. या इंजिनांची ओढ फेरे खाली आले की मंदावे. २,१०० फेऱ्यांच्या आसपास त्यांना सतत पळते ठेवणे हेच चालकाचे कौशल्य मानले जाई. इंजिन किंचाळत असेल तर ते नीट चालले आहे, असा कान चालकांच्या दोन पिढ्यांना लागला. जोडीला अनेक गिअरच्या पेट्या आल्या. फुलरच्या रोडरेंजर पेटीत नऊ-दहा गिअर असत आणि दोन गिअरांमधले अंतर साधारण ३५ ते ४० टक्के असे. इंजिनाला अरुंद पट्ट्यात पळते ठेवायला त्या उत्तम होत्या.

या काळात एक वेगळा प्रयोग झाला, तो इथे महत्त्वाचा आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅक कंपनीने मॅक्सिडाइन नावाचे २३७ अश्वशक्तीचे इंजिन आणले. फेरे २,१०० वरून १,२०० पर्यंत घसरले तरी त्याची शक्ती जवळजवळ तेवढीच राही, कारण फेरे कमी होतील तसा त्याचा टॉर्क वाढत जाई. त्यामुळे त्याला पाचच गिअर पुरत. काम हलके होणे हा तेव्हाचा त्याचा मुख्य गुण मानला गेला. पण कमी फेऱ्यांवरही ट्रक दमदार ओढू शकतो, हे मॅक्सिडाइनने तेलाचे संकट येण्याआधीच दाखवून ठेवले होते. लवकर गिअर बदलण्याच्या इतिहासात या इंजिनाचे श्रेय त्याला सहसा मिळते त्याहून मोठे आहे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियातल्या युद्धानंतर अरब तेलउत्पादक देशांनी पुरवठा रोखला. पिंपाचा सुमारे ३ डॉलरचा भाव जानेवारी १९७४ पर्यंत १२ डॉलरच्या घरात गेला. २ जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेत ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केली. डिझेलच्या भावाने आणि टंचाईने संतापलेल्या ट्रकचालकांनी त्या हिवाळ्यात महामार्ग अडवले. ट्रक कंपन्यांनी मात्र खर्चाचे कागद उघडले, आणि तेव्हा चालकाच्या उजव्या पायाचा आणि गिअरच्या दांड्याचा हिशेब पहिल्यांदा गंभीरपणे मांडला गेला.

इंजिन बनवणाऱ्यांनीही दिशा बदलली. कमिन्सचे बिग कॅम इंजिन १९७६ मध्ये आले. मोठ्या कॅमशाफ्टमुळे त्यात इंधन अधिक दाबाने फवारले जाई. पुढच्या वर्षांत अनेक इंजिनांची कमाल फेऱ्यांची मर्यादा २,१०० वरून १,९०० किंवा १,८०० वर आणली गेली आणि खालच्या फेऱ्यांवरचा टॉर्क वाढवला गेला. अशा इंजिनांसाठी चालकांना पायरीपायरीने गिअर बदलण्याची रीत शिकवण्यात आली. अगदी खालच्या गिअरमध्ये १,१००-१,२०० फेरे झाले की पुढचा गिअर, मधल्या गिअरमध्ये १,४०० च्या आसपास, आणि वरच्या दोन-तीन गिअरमध्ये १,६०० पर्यंत. यामागे साधे गणित आहे. दोन गिअरांमध्ये ३७ टक्क्यांचे अंतर असेल तर १,६०० वर गिअर बदलताच फेरे सुमारे १,१७० वर येतात, आणि तिथे नवे इंजिन भरपूर ओढते. गाडी हळू असताना शक्तीची गरज कमी, म्हणून खालचे गिअर आणखी आधी सोडता येतात. काही वेळा एखादा गिअर वगळताही येतो.

ही रीत कागदावर जितकी सरळ होती, तितकी चालकांच्या गळी उतरवणे अवघड होते. ज्याने वीस वर्षे दोन-स्ट्रोक इंजिन पळते ठेवले, त्याला १,२०० फेऱ्यांवरचा भारी, दबका आवाज म्हणजे इंजिन मरत असल्याची खूण वाटे. त्याच्या मागच्या अनुभवाने ती शंका रास्तच ठरत होती, कारण जुन्या इंजिनात तसे करणे खरोखरच चुकीचे होते. म्हणून प्रशिक्षकांनी कानाऐवजी डोळ्यांचा आधार घेतला. आरपीएम मीटरवर हिरवा पट्टा आला आणि काटा त्या पट्ट्यात ठेवा, एवढीच सूचना पुरे झाली. आजच्या प्रत्येक ट्रकमध्ये दिसणारा तो पट्टा म्हणजे चालकाचा कान नव्याने घडवण्याच्या त्या प्रयत्नांचा ठसा आहे.

भारतात हीच कथा वेगळ्या वाटेने गेली. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डेम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. हा करार १९६९ पर्यंत चालला. मद्रासेत अशोक लेलँडने ब्रिटनच्या लेलँडच्या मदतीने कॉमेट गाड्या बनवल्या. देशातल्या बहुतेक बस आणि ट्रक या दोन घराण्यांतले. त्यांची इंजिने टर्बो नसलेली होती, आणि टाटांच्या इंजिनाची कमाल मर्यादा २,८०० फेऱ्यांच्या आसपास होती. पेटी पाच गिअरची. टाटांच्या बसगाड्यांत पुढे वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या पेटीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर सुमारे साडेसात, दुसऱ्याचे चार, तिसऱ्याचे अडीच, चौथ्याचे दीड आणि टॉपचे एक असे. म्हणजे प्रत्येक पायरी अमेरिकी पेटीच्या तुलनेत खूप मोठी. टॉपमध्ये १,२०० फेऱ्यांवर उतरायचे तर चौथ्यात १,८०० च्या वर जावेच लागे. त्यामुळे तिकडचे १,४००-१,६०० चे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नव्हते. लवकर गिअर म्हणजे इथे कमाल मर्यादेच्या बरेच आधी, पण पुढच्या गिअरमध्ये गाडी धक्के मारणार नाही इतके थांबून. बहुतेक गाड्यांत आरपीएम मीटरही नसे. म्हणून चालकांना रस्त्यावरच्या वेगाने आणि आवाजाने शिकवावे लागले : सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या आत टॉप पडला पाहिजे, अशा स्वरूपात.

या शिक्षणाला भारतात जी जागा मिळाली, ती राज्य परिवहन महामंडळांमुळे. महाराष्ट्राची एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली आणि पुढच्या तीन दशकांत तिच्या गाड्या तालुक्यातालुक्यात पोहोचल्या. हजारो गाड्या एकाच मालकीच्या, चालक पगारी, डिझेल आगाराच्या पंपावर भरले जाणारे. फेरी संपली की टाकी भरायची, किती लिटर गेले आणि किती किलोमीटर झाले ते लिहायचे. खासगी ट्रकच्या धंद्यात अशी सलग नोंद क्वचितच मिळे. एसटीत दहा लिटरला किती किलोमीटर, म्हणजे केपीटीएल, हा आगाराच्या कारभाराचा एक मुख्य आकडा झाला. इतर अनेक राज्यांत हाच हिशेब एका लिटरवर, केएमपीएल म्हणून ठेवला जातो.

रोज ३०० किलोमीटर धावणाऱ्या बसचे केपीटीएल ४५ वरून ४८ झाले, तर डिझेल ६६.७ लिटरवरून ६२.५ लिटरवर येते. दिवसाला चार लिटर फार वाटत नाहीत. वर्षभरात मात्र एकाच बसमागे दीड हजार लिटर होतात आणि आगारात पन्नास गाड्या असतील तर आकडा ७५,००० लिटरवर जातो. हे साधण्यासाठी नवी गाडी लागत नाही, नवा सुटा भागही लागत नाही.

१९७३ च्या धक्क्यानंतर या हिशेबाला राष्ट्रीय महत्त्व आले. कच्च्या तेलाच्या आयातीवर परकीय चलन झपाट्याने खर्च होत होते. फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागले, पण त्याचे उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले आणि तेही देशाची गरज भागवण्याइतके नव्हते. १९७६ मध्येच तेलबचतीसाठी पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन अ‍ॅक्शन ग्रुप स्थापन झाला आणि १९७८ मध्ये त्याचे पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन, म्हणजे पीसीआरए, झाले. पुण्यात १९६७ पासून सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही परिवहन उपक्रमांची प्रशिक्षण आणि संशोधन संस्था काम करत होती. इंधन वाचवणारे वाहनचालन हा विषय या संस्थांमार्फत आगारांपर्यंत गेला.

पीसीआरएच्या प्रशिक्षणाची सर्वांत भक्कम बाजू व्याख्यान नव्हती, मोजमाप होती. आगाराचा आकडा चालकाला नेहमीच पटत नसे, आणि त्याचे म्हणणे अनेकदा बरोबरही असे. आज एक गाडी मिळे, उद्या दुसरी. एकीचे ब्रेक बांधलेले, दुसरीच्या टायरांत हवा कमी, तिसरीचे नोझल खराब. एका मार्गावर दर दोन किलोमीटरला थांबा, दुसऱ्यावर सलग पन्नास किलोमीटर मोकळा रस्ता. अशा आकड्यावरून चालकाला दोष देणे अन्यायाचे ठरते. त्यावर उपाय म्हणून गाडीला खुणा केलेली वेगळी छोटी टाकी जोडत. चालकाने ठरलेल्या रस्त्यावर आपल्या सवयीने गाडी चालवायची, किती डिझेल गेले ते त्याच्या डोळ्यांदेखत मोजायचे. मग वर्गात इंजिन, गिअर, ब्रेक यांची चर्चा व्हायची. नंतर तोच चालक, तीच गाडी, तोच रस्ता आणि पुन्हा मोजणी. फरक टाकीवरच्या खुणांत दिसे. ज्याने आयुष्यभर ऐकलेल्या आवाजावर विश्वास ठेवला, त्याला पटवण्याचा याहून प्रामाणिक मार्ग नव्हता.

ट्रकच्या धंद्यात बचतीची प्रेरणा वेगळी होती. मालक अनेकदा एका खेपेला ठरावीक डिझेल किंवा त्याचे पैसे देई आणि उरेल ते चालकाचे. यातून काटकसर झाली, पण शिकवण नसल्याने ती घातक मार्गानेही गेली. उतारावर गिअर काढून गाडी न्यूट्रलवर सोडण्याची सवय त्यातलीच. उतारावर गिअरमध्ये गाडी ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पंपाचा गव्हर्नर डिझेल तोडतो आणि इंजिनच गाडीला धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते डिझेल जळतच राहते आणि गाडीचा सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटात याचा शेवट कसा होतो, हे या रस्त्यांवर चालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम बचतीच्या कोणत्याही नियमापेक्षा वरचा आहे, आणि तो तसाच राहिला पाहिजे.

लवकर गिअर बदलण्यालाही हद्द आहे. फेरे फार खाली असताना पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ठोकू लागते, गाडी हादरते. टर्बो नसलेल्या इंजिनात डिझेल जास्त आणि हवा कमी पडली की काळा धूर निघतो, म्हणजे वाचवायला गेलेले डिझेलच न जळता बाहेर पडते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगवर ताण येतो, इंजिन तापते. चढावर, चिखलात, किंवा क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेल्या ट्रकमध्ये खालचा गिअर वेळेत घेणे हीच काटकसर ठरते. चांगले प्रशिक्षक म्हणूनच वर जाण्याइतकेच खाली येण्याचे शिक्षण देत आले. ज्यांनी फक्त वरचा गिअर लवकर टाका एवढेच सांगितले, त्यांनी इंजिने लवकर उघडायला लावली.

१९८० च्या दशकात भारतीय गाड्याच बदलू लागल्या. अशोक लेलँडने हिनोची इंजिने घेतली. डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा अशा नावांनी जपानी हलके ट्रक आले आणि त्यांनी अ‍ॅव्हरेजची अपेक्षा वाढवली. १९९३ मध्ये टाटा कमिन्सची स्थापना झाली. टर्बो असलेल्या या नव्या पिढीच्या इंजिनांत जास्तीत जास्त टॉर्क १,५०० फेऱ्यांच्या आसपासच मिळू लागला. सहा गिअरच्या पेट्यांमुळे पायऱ्याही लहान झाल्या. जुन्या पाच गिअरच्या गाडीत चालकाला जे सांभाळून करावे लागे, ते आता सहज जमू लागले.

यानंतर निर्णय हळूहळू चालकाच्या हातून यंत्राकडे गेला. १९८७ मध्ये आलेल्या डेट्रॉइट डिझेलच्या सिरीज ६० इंजिनाचे इंधननियंत्रण पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक होते. अशा इंजिनांत मालकाला खालच्या गिअरमधल्या फेऱ्यांवर मर्यादा घालता येऊ लागली. चालकाने कितीही पाय दाबला तरी वरचा गिअर टाकल्याशिवाय वेग वाढत नसे. जे पूर्वी समजावून सांगावे लागे, ते आता संगणकात भरून टाकता आले. मर्सिडीज-बेन्झने १९८५ मध्ये ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनिक-हवादाबाने गिअर बदलण्याची ईपीएस यंत्रणा दिली, आणि २००१ मध्ये व्होल्वोच्या आय-शिफ्टने तर क्लचचे पेडलच काढून टाकले. हे गिअरबॉक्स भार, चढ आणि वेग मोजून गिअर निवडतात आणि जमेल तितक्या लवकर वर जातात. आता महामार्गावर १,१०० ते १,२०० फेऱ्यांवर धावणारे लांब पल्ल्याचे ट्रक युरोप-अमेरिकेत नेहमीचे आहेत.

भारतात धुरातल्या प्रदूषणाची बीएस-४ मानके २०१७ पासून देशभर आणि बीएस-६ मानके २०२० पासून लागू झाली आणि जड वाहनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण सर्रास आले. अनेक ट्रकमध्ये हलका, मध्यम आणि भारी भार निवडण्याचे बटण असते. गिअर केव्हा बदलावा हे दाखवणारा बाण डॅशबोर्डवर येतो, आणि मालक आपल्या कचेरीत बसून ट्रक किती वेळ हिरव्या पट्ट्यात चालला ते पाहू शकतो. स्वयंचलित गिअर बदलणाऱ्या बस आणि ट्रकही धावत आहेत. १ जून २०२२ पासून एसटीने विजेवर चालणारी शिवाई बस सुरू केली. तिच्यासारख्या गाड्यांत बदलायला गिअरच नाहीत. तिथे बचत ब्रेक लावताना परत बॅटरीत जाणाऱ्या विजेवर अवलंबून असते, आणि समोरचा रस्ता आधीच ओळखून पाय सोडणारा चालक तिथेही बाकीच्यांपेक्षा पुढे राहतो.

तरीही एसटीच्या ताफ्यात आणि देशातल्या बहुसंख्य ट्रकमध्ये गिअरचा दांडा अजून चालकाच्या हातात आहे. नव्याने भरती झालेल्या चालकाला आजही सपाट रस्त्यावर टॉपपर्यंत लवकर जायला, चढाआधी खालचा गिअर घ्यायला आणि उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवायला शिकवले जाते, आणि त्याची परीक्षा पूर्वीसारखीच किलोमीटर आणि लिटर यांच्या नोंदीवर होते.